हसण्याची किंमत: ‘द सिम्प्सन्स’च्या आठव्या हंगामाविषयी

१.

दीर्घकाळ चाललेल्या कलाकृतीविषयी बोलताना ‘घसरण’ हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. पहिली पुस्तके चांगली होती, पुढे लेखक स्वतःचीच नक्कल करू लागला. पहिले प्रयोग रंगत असत, पुढे नटमंडळी टाळ्यांसाठी थांबू लागली. अशी विधाने साहित्यव्यवहारात नित्याची आहेत. ती बहुधा खरीही असतात. मात्र घसरण नेमकी कशाची झाली, हे सांगण्याची तसदी त्यांत क्वचितच घेतलेली असते. विनोदी कलाकृतीच्या बाबतीत तर ‘आता पूर्वीसारखे हसू येत नाही’ एवढे म्हटले की समीक्षा संपते. आता हसू का येत नाही, आणि पूर्वी येत होते ते कोणाच्या जिवावर येत होते, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

ज्या कलाकृतीने मला हा प्रश्न विचारायला भाग पाडले ती रूढ अर्थाने साहित्यकृती नाही. ‘द सिम्प्सन्स’ ही अमेरिकेतील एक ॲनिमेटेड कौटुंबिक विनोदी मालिका आहे. मॅट ग्रेनिंग यांनी निर्माण केलेले हे पिवळ्या कातडीचे कुटुंब १९८७ साली ‘द ट्रेसी उलमन शो’ या कार्यक्रमातील छोट्या छोट्या तुकड्यांतून प्रथम दिसले, आणि १७ डिसेंबर १९८९ पासून फॉक्स वाहिनीवर त्याची अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका सुरू झाली. स्प्रिंगफील्ड नावाच्या गावातल्या अणुवीज केंद्रात सुरक्षा निरीक्षक म्हणून काम करणारा आळशी, खादाड होमर, त्याची सोशिक पत्नी मार्ज, दहा वर्षांचा उनाड बार्ट, आठ वर्षांची बुद्धिमान लिसा आणि तोंडात चोखणी धरलेली तान्ही मॅगी ही त्यातली मंडळी. मालिकेचे साडेसातशेहून अधिक भाग झाले, पण बार्ट अजून दहाच वर्षांचा आहे. बिरबलाच्या गोष्टींत बिरबल जसा म्हातारा होत नाही, तसेच हे. प्रत्येक भागाच्या शेवटी जग पूर्वपदावर येते आणि पुढच्या आठवड्यात कोणालाही मागचे काही आठवत नाही, हा या कथाप्रकाराचा मूलभूत संकेत आहे.

या मालिकेची पहिली आठ-नऊ वर्षे सोन्याची, पुढची हलक्या धातूची, असे तिचे जाणकार प्रेक्षक सर्वसाधारणपणे मानतात. माझा या मताला विरोध नाही. परंतु तो सोन्याचा काळ संपत आला असतानाचा, म्हणजे आठवा हंगाम मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. २७ ऑक्टोबर १९९६ ते १८ मे १९९७ या काळात त्याचे २५ भाग प्रक्षेपित झाले. बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन हे त्याचे सूत्रधार होते. या २५ भागांत मालिकेची काही अत्युच्च शिखरे आहेत, तसेच पुढच्या उतरणीची पहिली पावलेही आहेत. आणि माझ्या मते ही दोन्ही एकाच गोष्टीतून निघाली आहेत: या हंगामात मालिका स्वतःकडे पाहू लागली.

२.

प्रथम शिखरांविषयी. ‘यू ओन्ली मूव्ह ट्वाइस’ या भागात होमरला दुसऱ्या गावी उत्तम नोकरी मिळते. त्याचा नवा मालक हँक स्कॉर्पिओ (आवाज अल्बर्ट ब्रूक्स यांचा) हा जेम्स बाँडच्या चित्रपटात शोभावा असा जगावर कब्जा करू पाहणारा खलनायक आहे. पण कर्मचाऱ्यांशी तो कमालीचा प्रेमळ वागतो. होमरला आयुष्यात प्रथमच चांगला मालक भेटला आहे, आणि तो नेमका जगाचा शत्रू आहे. इथे गंमत केवळ बाँडपटाच्या विडंबनात नाही. नव्या गावात बार्टला मागे पडलेल्या मुलांच्या वर्गात बसवतात, लिसाला तिथल्या फुलझाडांची बाधा होते, आणि सारी कामे आपोआप होणाऱ्या घरात मार्ज रिकामपणाने सुकत जाते. कुटुंबासाठी होमर ती नोकरी सोडतो. अर्ध्या तासात एका माणसाला हवे ते सर्व मिळते, आणि तो ते मुकाट्याने परत करतो. या त्यागाविषयी कोणी भाषण करीत नाही.

‘अ मिलहाउस डिव्हायडेड’ हा भाग मला याहून धाडसी वाटतो. बार्टचा मित्र मिलहाउस याचे आईवडील सिम्प्सन्सच्या घरी जेवायला आलेले असताना, चित्रे काढून शब्द ओळखण्याच्या खेळात त्यांचे भांडण होते आणि ते भर पंगतीत विभक्त होण्याचे ठरवतात. वर सांगितलेल्या संकेतानुसार अखेरीस त्यांनी एकत्र यायला हवे. तसे होत नाही. नवरा पुन्हा लग्नाची मागणी घालतो आणि ती नाकारते. हा घटस्फोट पुढे अनेक वर्षे मालिकेत टिकून राहिला. जिथे काहीच बदलत नाही अशा जगात एक गोष्ट खरोखर मोडली, आणि तिच्या मोडण्यामुळेच होमरच्या पोटात गोळा येतो: माझे घरही असेच मोडले तर? तो मार्जशी गुपचूप घटस्फोट घेतो, तो तिच्याशी पुन्हा नीट लग्न लावता यावे म्हणून. विनोद आणि जिव्हाळा यांचा असा सांधा जुळणे दुर्मीळ असते.

‘होमर्स फोबिया’मध्ये समलैंगिक पुरुषांविषयीची होमरची भीती हा विषय आहे. १९९७ च्या फेब्रुवारीत, अमेरिकी दूरचित्रवाणीवर हा विषय अजून बिचकतच हाताळला जात होता, तेव्हा या भागाने हास्याचा रोख समलैंगिक व्यक्तीवर न ठेवता तिला घाबरणाऱ्यावर वळवला. दिग्दर्शक जॉन वॉटर्स यांनी त्यात जॉन या दुकानदाराला आवाज दिला होता. मुलगा ‘पुरुषासारखा’ व्हावा म्हणून होमर बार्टला पोलादाच्या कारखान्यात घेऊन जातो, तर तिथले सगळेच कामगार समलैंगिक निघतात. या भागाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ॲनिमेटेड कार्यक्रमाचा एमी पुरस्कार मिळाला, तो यथायोग्यच होता.

उंची इतकी असताना खोलगट जागाही आहेत. बार्ट कुत्र्याच्या नावावर क्रेडिट कार्ड मिळवतो तो ‘द केनाइन म्युटिनी’, होमर मुष्टियोद्धा होतो तो ‘द होमर दे फॉल’, मिस्टर बर्न्सला अनौरस मुलगा सापडतो तो ‘बर्न्स, बेबी बर्न्स’ हे भाग वाईट नाहीत. त्यांत हसण्याजोगे पुष्कळ आहे. पण ते कोणत्याही हंगामात असू शकले असते. ही सामान्य प्रतीची निर्मिती आहे, आणि कोणत्याही दीर्घ कलाकृतीत ती असतेच. घसरण म्हणावे ते वेगळे असते, आणि त्याकडे मी शेवटी येईन.

३.

९ फेब्रुवारी १९९७ रोजी प्रक्षेपित झालेला ‘द इची अँड स्क्रॅची अँड पूची शो’ हा मालिकेचा १६७ वा भाग. त्याने ‘द फ्लिंटस्टोन्स’ या जुन्या ॲनिमेटेड मालिकेचा १६६ भागांचा विक्रम मोडला. विक्रमाच्या दिवशी दुसऱ्या कोणी स्वतःचा सत्कार करून घेतला असता. इथे लेखकांनी ‘आपण आता म्हातारे झालो आहोत का?’ हाच विषय घेतला. स्प्रिंगफील्डमधील मुले जे हिंसक कार्टून पाहतात त्याची लोकप्रियता घटू लागते. वाहिनीचे अधिकारी मुलांना गोळा करून त्यांना काय हवे ते विचारतात. मुलांना एकाच वेळी वास्तव हवे असते आणि अद्भुतही. खरे कारण लिसा सांगते: कार्यक्रमात काही बिघडलेले नाही, इतक्या वर्षांनंतर त्या पात्रांचा पूर्वीइतका परिणाम होणे शक्यच नाही. अधिकाऱ्यांना हे ऐकायचे नसते. ते पूची नावाचा एक नवा, ‘आजच्या पिढीचा’ कुत्रा घुसवतात. त्याला आवाज देतो होमर. पूची कोणालाच आवडत नाही. शेवटी त्याला इतक्या घाईघाईने आणि उघडउघड ओबडधोबड रीतीने मारून टाकले जाते, की तो मृत्यूच या भागातला सर्वांत मोठा विनोद ठरतो.

याच भागात सिम्प्सन्सच्या घरी रॉय नावाचा एक तरुण काही खुलासा न होता राहताना दिसतो. थकलेल्या मालिका ऐनवेळी नवे पात्र आणतात, त्याची ही थट्टा. आणि याच भागात कॉमिक पुस्तकांचा दुकानदार हा आतापर्यंतचा सर्वांत वाईट भाग असल्याचा निर्वाळा देतो. बार्ट त्याला विचारतो की या लोकांनी तुला इतकी वर्षे फुकट हसवले, ते तुझे काय देणे लागतात? दुकानदारावर या प्रश्नाचा काही परिणाम होत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला इथे सर्व्हान्तेस आठवल्यावाचून राहणार नाही. ‘डॉन किहोते’चा पहिला खंड १६०५ चा, दुसरा १६१५ चा. दुसऱ्या खंडातील पात्रांनी पहिला खंड वाचलेला आहे, आणि ती नायकाला त्याविषयी ऐकवतात. कलाकृती पुरेशी लांबली आणि पुरेशी वाचली गेली की वाचक हाच तिचा विषय होऊ लागतो. आत्मभान ही काही उत्तर-आधुनिकांची मिरास नाही. दीर्घायुषी कलाकृतीच्या वाट्याला ते कधी ना कधी येतेच. प्रश्न असतो तो त्या आत्मभानाचे ती काय करते हा. पूचीच्या भागात मालिकेने निर्माते, अधिकारी आणि प्रेक्षक या तिघांनाही चिमटे काढले, पण कोणालाही तुच्छ लेखले नाही. दुकानदाराचा हटवाद हास्यास्पद आहे, तसेच त्याचे प्रेमही खरे आहे. हे संतुलन महत्त्वाचे, कारण पुढे तेच ढळते.

४.

आता फ्रँक ग्राइम्सकडे यावे लागेल. हा लेख खरे तर त्याच्यासाठीच आहे.

‘होमर्स एनिमी’ हा भाग ४ मे १९९७ चा. लेखक जॉन स्वार्ट्झवेल्डर, दिग्दर्शक जिम रिअर्डन. स्प्रिंगफील्डच्या या कार्टून-जगात एक खरा, आपल्यासारखा माणूस आणून ठेवला तर काय होईल, अशी ही कल्पना. फ्रँक ग्राइम्सला चौथ्या वर्षी आईवडिलांनी टाकून दिले. शाळेत तो गेला नाही; इतर सुखवस्तू मुलांच्या घरी खेळणी पोचवण्याचे काम त्याने केले. अठराव्या वाढदिवशी तो एका स्फोटात सापडला. टपालाद्वारे शिकत शिकत पस्तिसाव्या वर्षी त्याने अणुभौतिकीची पदविका मिळवली. दूरचित्रवाणीवर त्याची ही कहाणी पाहून अणुवीज केंद्राचा मालक बर्न्स भारावतो आणि त्याला मोठ्या हुद्द्यावर घ्यायचे ठरवतो. पण तो हजर होईपर्यंत बर्न्सने एका शूर कुत्र्याची कहाणी पाहिलेली असते. हुद्दा कुत्र्याला मिळतो आणि ग्राइम्सची रवानगी होमरच्या विभागात होते.

तिथे तो जे पाहतो ते आपण आठ वर्षे हसत हसत पाहत आलो होतो. होमर कामावर झोपतो. तो ग्राइम्सच्या पेन्सिली चघळतो, त्याच्या नावाचा पथ्याचा डबा खाऊन टाकतो. एकदा तो नकळत आम्लाचे पात्र तोंडाला लावणार असतो. ग्राइम्स ते हिसडून त्याचा जीव वाचवतो, आम्लाने भिंत वितळते, आणि बर्न्स ग्राइम्सचाच पगार कापतो. इतर सहकाऱ्यांना यात काहीच वावगे वाटत नाही. होमर स्वभावाने दुष्ट नाही. शत्रुत्व मिटावे म्हणून तो ग्राइम्सला घरी जेवायला बोलावतो. आणि तिथे, खाडीतल्या महागड्या शेवंडांच्या ताटापुढे, ग्राइम्सला सारे काही एकदम दिसते: प्रशस्त घर, दोन मोटारी, सुंदर पत्नी, गुणी मुले. होमर अंतराळात जाऊन आला आहे, त्याला ग्रॅमी मिळाले आहे, माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्याशी त्याची ओळख आहे. हे सारे मागच्या हंगामांतील भाग आहेत. लेखकांनी मालिकेचा स्वतःचा इतिहासच आरोपपत्र म्हणून ग्राइम्सच्या हाती दिला आहे. आयुष्यभराच्या कष्टांचे फळ म्हणून त्याच्यापाशी आहेत ती एक हातातली बॅग आणि नीट कापलेले केस. राहतो तो एका खोलीत, जिच्या वर बोलिंगचा अड्डा आहे आणि खालीही.

होमर किती निर्बुद्ध आहे हे सर्वांना दाखवून द्यावे म्हणून ग्राइम्स त्याला अणुवीज केंद्राची प्रतिकृती बनवण्याच्या, लहान मुलांसाठी असलेल्या स्पर्धेत फसवून उतरवतो. होमर ती स्पर्धा जिंकतो. लोक टाळ्या वाजवतात. ग्राइम्सचे भान सुटते. होमरसारखे वागून दाखवत तो केंद्रभर धावतो आणि त्या भरात हातमोजे न घालता विजेच्या तारा पकडून मरतो. दफनाच्या वेळी होमर झोपलेला असतो आणि झोपेत काहीतरी बरळतो. सगळे हसतात. पेटी खाली जाते. ‘ग्राइमी’ हे होमरने त्याला बहाल केलेले, त्याला बिलकूल न रुचलेले नाव. पाद्री म्हणतात की स्वतःला असे म्हणवून घेणे त्याला आवडत असे. मेल्यावर त्याचे नावही त्याचे राहत नाही.

बर्गसाँने १९०० साली आपल्या हास्यविषयक ग्रंथात असा विचार मांडला की हसण्यासाठी हृदयाला क्षणभर बधिर व्हावे लागते. विनोदी मालिका ही बधिरता आपल्याला सवय म्हणून देते. होमरच्या निष्काळजीपणाने वीज केंद्र उडाले तर कोण मरेल, त्याच्या वाट्याचे काम कोण करते, हे आपण विचारायचे नसते. विचारले तर मालिकाच उरत नाही. ग्राइम्स हा ती बधिरता उतरलेला माणूस आहे. त्याला वेड लागते ते होमरमुळे नव्हे. होमरला सगळे सहन करतात यामुळे. आणि ‘सगळे’ या शब्दात आपण प्रेक्षक येतो.

दुसऱ्या खंडातील डॉन किहोतेची फजिती करणारे ड्यूक आणि डचेस त्याचे पुस्तक वाचलेले असतात. त्यांचे क्रूर खेळ लांबत जातात तसतसे वाचकाचे हसू ओठांवरच थिजू लागते, आणि थट्टा करणारे थट्टा होणाऱ्याइतकेच वेडे आहेत, हे सर्व्हान्तेस जाणवून देतो. ‘होमर्स एनिमी’ने नेमके हेच केले आहे. इतका काळाकुट्ट शेवट त्या वेळी बऱ्याच चाहत्यांना मुळीच रुचला नव्हता. आज तो मालिकेतील श्रेष्ठ भागांत गणला जातो. दोन्ही प्रतिक्रिया मला योग्य वाटतात. तो आवडू नये अशीच त्याची रचना आहे.

५.

इथे थोडे वैयक्तिक लिहिणे भाग आहे.

हा भाग मी प्रथम पाहिला तेव्हा एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. ज्यांना हा शब्द अनुभवाने ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नको. तासाला ठरलेले पैसे, तेही वर्षअखेरीस कधीतरी. सुट्ट्यांचे काही नाही. पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. सेट झालेली, पीएच.डी. चालू. आमच्या विभागात एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. टिपणे पिवळी पडलेली, वर्तमानपत्र पुरते वाचून झाल्याशिवाय वर्गावर न जाणारे. स्वभाव अत्यंत गोड. विद्यार्थ्यांचे लाडके. चहाचे पैसे नेहमी तेच देत. त्यांचे तास अधूनमधून मी घेत असे. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकाही त्यांच्या वतीने मी तपासल्या होत्या, हे आज लिहायला हरकत नाही. एका स्नेहसंमेलनात त्यांचा आदर्श शिक्षक म्हणून गौरव झाला. प्रास्ताविक मी लिहिले होते. त्या रात्री घरी येऊन मी ‘होमर्स एनिमी’ पाहिला. मला अजिबात हसू आले नाही. हा भाग माझ्यावर बेतला आहे असे वाटण्याइतका मी तेव्हा तरुण होतो.

पुढे मला कायम नेमणूक मिळाली. आता एम.ए.च्या वर्गात विनोदमीमांसा शिकवताना मी हा भाग दाखवतो. दरवर्षी वर्ग दुभंगतो. काहींना ग्राइम्स कुरकुऱ्या वाटतो: एवढे काय बिघडले, होमरने त्याला जेवायला तर बोलावले होते! एकदा एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, तो मेल्यावर मला हसू आलं. मग हसू आलं म्हणून वाईट वाटलं. आणि मग वाटलं, हे त्यांनी मुद्दामच केलंय.” यापेक्षा नेमकी समीक्षा मी केलेली नाही.

पण गेल्या वर्षी तो भाग पुन्हा दाखवत असताना वेगळेच घडले. वर्गात मागच्या बाकावर आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारा तरुण सहकारी येऊन बसला होता. त्या आठवड्यात माझे दोन तास त्याने घेतले होते. मी त्याला चहा पाजला होता. पडद्यावर होमर दुसऱ्याचा डबा उघडत असताना सगळा वर्ग हसला आणि तोही हसला. मी मात्र प्रथमच होमरकडे पाहिले. तो खात होता तेव्हा डब्यावरचे नाव त्याच्या डोळ्यांसमोरच होते.

आपल्या विनोदी परंपरेत चिं. वि. जोशींचा चिमणराव स्वतःच फजीत होतो आणि त्याची हकिकत स्वतःच सांगतो. म्हणून त्याला हसताना मनावर ओझे राहत नाही. होमर आपली हकिकत सांगत नाही. त्याच्या सुखाची किंमत कोणीतरी चुकवत असते आणि ते त्याला ठाऊकही नसते. या अज्ञानालाच आपण निरागसता म्हणतो. आठव्या हंगामाने एकदाच, बावीस मिनिटांत, या निरागसतेचा हिशेब मांडून दाखवला.

६.

मग घसरण कुठली? हिशेब मांडल्यावर मालिकेपुढे दोन वाटा होत्या. हसण्याला किंमत असते हे आठवणीत ठेवून पुढे लिहायचे, किंवा ‘आम्हाला ठाऊक आहे की हे सगळे खोटे आहे’ असा डोळा मिचकावत राहायचे. दुसरी वाट सोपी होती.

तिची सुरुवात लगेच पुढच्याच आठवड्यात झाली. ११ मे १९९७ च्या ‘द सिम्प्सन्स स्पिन-ऑफ शोकेस’मध्ये मालिकेतील पात्रांना घेऊन तीन मुद्दाम वाईट मालिका रचून दाखवल्या आहेत. पोलीस प्रमुख गुप्तहेर होतो, आजोबांचा आत्मा एका यंत्रात शिरतो, आणि सिम्प्सन कुटुंब नाचगाण्याचा कार्यक्रम करते, ज्यात लिसाच्या जागी दुसरीच कोणी मुलगी असते. दूरचित्रवाणीच्या धंद्यावरचा उपरोध म्हणून हे चतुर आहे. पण मुद्दाम वाईट केलेली गोष्टही बावीस मिनिटे पाहताना वाईटच असते. पूचीच्या भागात वाईट कार्टूनभोवती एक घर होते, एक अपमानित बाप होता, ज्याला आपला पूची जगावा असे मनापासून वाटत होते. इथे कोणाला काहीच वाटत नाही.

उतरणीचे दुसरे पाऊल म्हणजे ‘द प्रिन्सिपल अँड द पॉपर’. हा भाग आठव्या हंगामाच्या निर्मितीक्रमात तयार झाला, पण प्रक्षेपित झाला नवव्या हंगामात, २८ सप्टेंबर १९९७ रोजी. त्यात शाळेचे मुख्याध्यापक स्किनर हे खरे स्किनर नसून आर्मिन टॅमझेरियन नावाचे तोतये आहेत, असे उघड होते. खरे स्किनर परततात, कोणाला आवडत नाहीत, आणि गावकरी त्यांना आगगाडीला बांधून परत पाठवतात. यापुढे या प्रकरणाचा उच्चार करायचा नाही, असा न्यायाधीशांचा हुकूमही सुटतो. स्किनरना आवाज देणारे हॅरी शिअरर यांनीही या भागावर उघड टीका केली. लेखक केन कीलर यांच्या बाजूने सांगायचे तर काहीही बदलू नये असा हट्ट धरणाऱ्या लोकांवरचा हा उपरोध आहे. तो समजतो. परंतु जो उपरोध लेखकाचे स्पष्टीकरण ऐकल्यावरच पोचतो, तो कलाकृतीत उतरलेला नसतो.

ग्राइम्स आणि टॅमझेरियन यांतला फरक मला मूलभूत वाटतो. दोन्ही भाग मालिकेच्या संकेतांवर बोट ठेवतात. दोन्हींत एक ‘खरा’ माणूस गावात येतो आणि गाव त्याला बाहेर फेकते. पण ग्राइम्सचा भाग मागच्या सगळ्या भागांना खरे मानतो; ते खरे मानल्यामुळेच तो भयंकर होतो. स्किनरचा भाग मागचे सगळे खोटे ठरवतो. आईच्या धाकात जगणारा चाळिशीचा शिक्षक, तिच्याशी असलेले त्याचे ते केविलवाणे आणि तरीही जिवंत नाते, यांत प्रेक्षकाने आठ वर्षे घातलेला जीव एका युक्तीसाठी काढून घेतला जातो, आणि शेवटी ते विसरण्याचा हुकूम होतो. एका भागात कलाकृती आपल्या प्रेक्षकाला जाब विचारते, दुसऱ्यात ती त्याच्यावर उखडते. जाब विचारण्यात आदर असतो. उखडण्यात तो संपलेला असतो.

पुढच्या वर्षांत होमर अधिकाधिक बेपर्वा होत गेला अशी चाहत्यांची तक्रार असते. ती खरी आहे, पण माझ्या दृष्टीने दुय्यम. बेपर्वा तर तो ग्राइम्सच्या भागातही होता. तिथे त्या बेपर्वाईची झळ कोणाला लागते ते दाखवायला कथेत एक माणूस होता. तो माणूस काढून घेतला की उरतो तो नुसता गोंधळ. २००२ साली मालिकेने ग्राइम्सच्या मुलाला सूड घ्यायला आणले, तेव्हा ग्राइम्स हाही गावातल्या असंख्य परिचित नावांपैकी एक झाला. ज्याच्या मरणाने हसणे अवघड केले होते, त्याचा उल्लेख आता जाणकार प्रेक्षकाला खूश करण्यासाठी होऊ लागला.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. दीर्घ विनोदी कलाकृती लांबल्यामुळे घसरत नाही, आणि स्वतःकडे पाहू लागल्यामुळेही घसरत नाही. तिच्या हसण्याची किंमत कोण देतो आहे, हे एकदा कळल्यानंतर ते न कळल्याचे सोंग ती जेव्हा आणते, तेव्हा ती घसरते. आठव्या हंगामाचे मोठेपण हे की त्याने ती किंमत पडद्यावर मांडली. त्याची मर्यादा ही की ती मांडल्यावर पुढे काय लिहायचे हे त्याला, आणि त्याच्यानंतरच्या कोणालाही, नीटसे उमगले नाही.

वाचकांपैकी अनेकांना हा निष्कर्ष अति गंभीर वाटेल, आणि एका कार्टूनवर एवढा भार कशाला, असेही कोणी विचारील. ज्यांना तसे वाटते त्यांनी तो भाग अवश्य पाहावा आणि होमर डबा उघडतो त्या क्षणी आपण कोणाकडे पाहतो आहोत, ते ध्यानात घ्यावे. माझ्यापुरते सांगायचे तर या जूनपासून माझे सगळे तास मीच घेतो आहे. त्या तरुण सहकाऱ्याची मुलाखत यंदाही झाली आणि यंदाही तो तासिका तत्त्वावरच आहे. चहाचे पैसे आता तो मला देऊ देत नाही.